संडासावर नाव कुणाचं

अडुसष्ट साली आमच्या मुलींच्या शाळेला पंचवीस वर्सं झाली, आणि कोल्हापुरातल्या बड्या बड्या माणसांना एकदम आपापली मेलेली आय आठवली. मी बायडाबाई, त्या शाळंत शिपाईण. घंटा मीच द्यायची, पाणी मीच भरायची, आणि हेडबाई निधी गोळा करायला निघाल्या की पावतीपुस्तक घेऊन मागनं मीच चालायची. त्यामुळं दानशूर म्हंजे काय माल असतोय ते मी लई जवळनं बघितलंय.

निधी-कमिटीनं ठरवलं हुतं, जो जसं देईल तशा जागेवर त्याच्या माणसाचं नाव, संगमरवरी पाटीवर कोरून. लाकडाच्या वखारीचे आकारामअण्णा कमिटीचे अध्यक्ष. त्यांनी स्टेज धरलं, बापाच्या नावानं. कारखानदार कृष्णातरावांनी दोन खोल्या. ज्यांची ऐपत कमी त्यांनी पंखे दिले, पात्यावर नाव रंगवून. त्यातला एक गडी भर एप्रिलात वर्गात आला, चालता पंखा बंद करायला लावला आणि पात्यावरचं आईचं नाव दोनदा वाचून गेला. पोरी घामानं निथळत हुत्या. जाताना मला म्हणतोय, पंखा सारखा चालू कशाला ठेवता, नाव दिसत न्हाय.

कायम ठेवीचंबी तसंच. व्याजातनं गरीब पोरींची फी भरायची, पण एका पुण्यवंताची अट अशी, की फी मिळालेल्या पोरीनं दर दिवाळीला घरी येऊन पाया पडून जायचं. हेडबाईंनी हसून मान हलवली. मी भाइर येऊन थुकले.

आणि साडेचारशे पोरींना संडास किती, तर एक. त्याला कडी न्हाय, वर पत्रा न्हाय. पोरी सकाळपास्नं पाण्याचा घोट घ्यायच्या न्हाईत.

आठवीत मेहमुदा म्हणून पोरगी हुती. गणितात असलं डोकं, की गणिताच्या बाई फळ्यावर उत्तर लिहायच्या आधी तिच्याकडं बघायच्या. तिचा बाप मीरासाब हाच त्या पाट्या कोरणारा कारागीर. एप्रिलात एक दिवस पोरगी प्रार्थनेला उभ्या उभ्या खाली पडली. डॉक्टर म्हणाले, दिवसभर पाणी पीत न्हाय, लघवी धरून ठेवते, असंच चाललं तर जिवावर बेतंल.

मीरासाब दुसऱ्या दिवशी आला, खांद्यावर स्टेजची पाटी घेऊन. ती खाली ठेवली आणि मला म्हणाला, “बायडाक्का, जूनपास्नं मेहमुदा घरी बसंल. शिकवायच्या नादात पोरगी घालवू व्हय? हितं संडास झाला तर पाठवीन, न्हायतर न्हाय.”

त्याचं काय चुकलं? मी हेडबाईंच्या मागं लागले. जमलेला पैसा ज्याच्या त्याच्या पाटीला बांधलेला, त्याला हात लावता येत नव्हता. संडासाला नवीन दाता हुडकायचा हुता. अकरा घरं फिरलो. आकारामअण्णा म्हणाले, “आता स्टेजवरनं काढून आमच्या बापाला संडासावर बसवता व्हय? च्या घ्या बाई.” कृष्णातराव म्हणाले, गेट देतो, घड्याळ देतो, दुसरं काय बी सांगा. बिननावाचं द्या म्हटलं, तर तोंड असं केलं जसं काय आम्ही त्यांच्या खिशात हात घातलाय. आईबापाच्या नावानं गळा काढणारी ही माणसं, पोरीबाळींच्या अडीनडीला मात्र सगळ्यांचं नाक वर.

परत येताना मी रस्ताभर त्यांच्या सात पिढ्या काढल्या. शाळंत पोचलो, तवा रागाच्या भरात गळ्यातली आईची बोरमाळ काढून टेबलावर ठेवली. म्हटलं, “ही मोडा, पर संडास बांधा.”

हेडबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी कागद पुढं ओढला. “पाटीवर आईचंच नाव घालूया. काय नाव त्यांचं?”

चिमणाबाई. तोंडापर्यंत आलं आणि तिथंच अडकलं. माझी आय, तिथं? गावाकडची माणसं बघून काय म्हणतील? मी म्हटलं, उद्या सांगते. माळ उचलली. दुसऱ्या दिवशी मी काय बोलले न्हाय, आणि हेडबाईंनीबी मला परत इचारलं न्हाय.

मे महिना संपता संपता मीरासाब एकतीस पाट्यांची मजुरी न्यायला आला. संडासाला कुणी दाता मिळंना, असं हेडबाईंनी त्याला सांगितलं. तो पायरीवर बसला, म्हणाला, “मजुरी ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच. त्यातनं विटा, सिमेट आणा. माझा भाऊ गवंडी हाय, आम्ही दोघं बांधतो. पाटीवर माझ्या आईचं नाव मीच कोरीन.”

कमिटीला आनंद झाला. आकारामअण्णा म्हणाले, त्याला चालतंय तर आपलं काय जातंय.

शाळा उघडायच्या आत चार संडास उभे राहिले, कडीकोयंड्यासकट. मेहमुदा नववीत आली. मीरासाबनं पाटी बसवली ती मी शेजारी उभी राहून बघितली. ‘मरहुमा हाफिजाबी यांच्या स्मरणार्थ.’ स्टेजवरच्या अक्षरांपेक्षा ही अक्षरं सुरेख हुती. मला ऱ्हावलं न्हाय.

“मीरासाबभाई, आईचं नाव असल्या जागी कसं वो लावलंसा?”

त्यानं अक्षरातली धूळ फुंकली. “बायडाक्का, आमच्या आईला दिवसा जायची सोय नव्हती. सकाळपास्नं दिवस बुडायची वाट बघत बसायची. कळा यायच्या, वाकडी व्हायची, पर उठायची न्हाय. त्याच दुखण्यानं गेली. तिला स्टेजवर नेऊन काय करू?”

माझी आयबी तशीच दिवस बुडायची वाट बघत बसायची. तिचं पोट मीच शेकत हुते.