बॉनेटवरची आई

बादलीची कडी खणकन आपटली आणि मी चुलीपाशी दचकले. तोवर म्रिका अगदी गप्प होती, आणि चार वर्षांचं पोर इतकं गप्प असू नये.

बाहेर आले तर ती उलट्या बादलीवर उभी. धुवायला आलेल्या पाश्कच्या काळ्या मर्सिडीजच्या धुळकट बॉनेटवर तिनं बोटानं एक बाई काढली होती. मोठे मोठे हात, हसरं तोंड.

"ही तू," ती म्हणाली.

काळ्या गाडीला कोरडा हात लावायचाच नसतो. आधी नुसतं पाणी, धूळ आपोआप वाहून जाईपर्यंत. मग फेस, मग मऊ हातमोजा, तोही दर हाताला दुसऱ्या बादलीत खंगाळून. धुळीवर बोट फिरलं की काचकागद फिरल्यासारखंच. मी सगळं तसंच केलं, पंचा न घासता पाणी नुसतं टिपलं. ऊन पडलं आणि केसाएवढ्या रेघांतून ती बाई पुन्हा हसली.

गेल्या वर्षी पुलापलीकडच्या लवाझवर, म्हणजे गाड्या धुण्याच्या ठिकाणी, पाश्कच्या गाडीच्या दाराला एक रेघ उठली होती. आठवड्याच्या आत ते लवाझ जळालं. कुणी कुणाचं नाव घेतलं नाही. आमचं लवाझ घराला लागूनच आहे, आणि नवरा जर्मनीत.

सावलीत रेघा दिसत नाहीत. मी गाडी द्राक्षांच्या मांडवाखाली नेली.

"म्रिका, काकांना काही सांगायचं नाही हं."

"का? चांगलं नाही आलं?"

"खूप चांगलं आलंय, माझ्या सोन्या. तरी नाही."

समोरच्या कॅफेतून पाश्क आला. गाडीभोवती सावकाश फिरला, वाकून दारं पाहिली.

"हात मऊ आहे तुझा, सूनबाई. नवऱ्याला सांग, तिकडेच राहा म्हणावं. लवाझ तुझंच बरं चाललंय."

मी हसले. माझे हात पंच्यात लपवलेले होते.

"आणि तू गं? जीभ मांजरानं नेली का?"

म्रिकानं माझ्याकडे पाहिलं आणि तोंडावर दोन्ही हात ठेवले. तो हसत गाडीत बसला.

गाडी मांडवातून निघून फाटकापाशी उन्हात आली. मागचे लाल दिवे लागले. गाडी थांबली. दार मात्र उघडेना.

म्रिकानं माझा झगा ओढला. "आई, काकांना तू दिसलीस का गं?"