उशिरा आलेला हं

गोष्टवाल्या काकूंनी हेडफोन डोक्यावर चढवला. तो अंबाड्याला अडला, म्हणून काढून पुन्हा मागच्या बाजूने घातला. काचेपलीकडच्या एडिटरने अंगठा वर केला आणि काकूंचाच आवाज त्यांच्या कानात बोलू लागला.

'म्हातारीने कंदील खाली ठेवला. कडी काढली. आणि दार उघडलं.'

"आलं लक्षात?" एडिटरने माइकमधून विचारले.

काकूंचा हात चष्म्याकडे गेला आणि तिथेच राहिला.

"त्या 'आणि'वर कुणाचा तरी आवाज आहे बघा. हं केल्यासारखा. तक्रारी आल्यात. एकाने तर लिहिलंय, गोष्ट छान आहे, पण घोरणाऱ्या गृहस्थांना आधी उठवा."

तो हसला. काकूही हसल्या. मग म्हणाल्या, परत एकदा लावता का?

त्याने परत लावले.

आयुष्यभर त्यांनी वाचनालयातल्या मुलांच्या खोलीत गोष्टी सांगितल्या होत्या. गोष्ट ऐकायची तर हं म्हणायचे, हा तिथला नियम. पोरे चुकली की काकू अडून बसत. पुढे मुले यायची थांबली, खोलीत कपाटे आली, आणि गोष्टींच्या ॲपवाल्यांनी काकूंना विचारले. घरी फोनवर सांगायचे आणि पाठवून द्यायचे, एवढेच काम. पण समोर कोणी नाही म्हटल्यावर काकूंची गोष्ट दुसऱ्या वाक्यालाच खुंटली. भिंतीला काय सांगायचे?

तेव्हा घरातले स्टूल घेऊन काकूंचे हे पुढे आले. आयुष्यभर लोकांच्या घरचे विजेचे मीटर तपासलेला माणूस. गोष्टीबिष्टींशी संबंध नाही. 'मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण हं मात्र वेळेवर देईन,' असे म्हणून ते बसले आणि खरोखरच वेळेवर देत राहिले. भीतीच्या जागी त्यांचा हं खालच्या पट्टीत जाई, गमतीच्या जागी नाकातून येई. आणि वर, जेवताना हळूच विचारणार, 'त्या कोल्ह्याचं शेवटी जमलं का गं?'

ह्यांच्या आजारपणात औषधाने डोळे मिटू लागले, तसा हं मागे पडायला लागला. काकू पुढच्या वाक्याला लागत, तेवढ्यात तो येई.

'झोपलात की काय?'

'ऐकतोय. तू सांग पुढे.'

कानातला आवाज थांबला. काकूंनी विचारले, "बाकीचे कुठे गेले?"

"बाकीचे कोण?"

"बाकीचे हं. सगळ्या गोष्टींत असतील."

"ते कापले ना. तुमच्या दोन वाक्यांच्या मधे यायचे, सोपं जायचं." एडिटरने बोटांची कात्री करून दाखवली. मूळ रेकॉर्डिंग ते ठेवत नाहीत, साठवायला जागा कुठून आणणार, असे त्याने सांगितले. "हा एकच राहिला. तुमच्या शब्दात घुसलाय. मशीनकडून तुमच्या आवाजात नवा 'आणि' करून घेतला, बसवूनही पाहिला. कुणाला कळलं नसतं. पण मलाच बरं वाटेना, म्हणून म्हटलं काकूंनाच बोलवू."

वेळेवर आलेले सगळे गेले होते. उशीर झालेला तेवढा उरला होता. घरी ह्यांचे फोटो होते, आवाज मात्र कुठेच नव्हता; काकूंच्या फोनवरचे तर गोष्ट पाठवली की पुसले जाई. फोनवर 'बरं, ठेवतो' यापुढे ते कधी गेलेच नाहीत.

"घरी कोण बसतं हो तुमच्याजवळ?" एडिटरने सहज विचारले.

"हे बसायचे."

एडिटरने आपला हेडफोन काढून गळ्यात घेतला. तो म्हणाला, "राहू द्यायचं का तसंच? मी वर काहीतरी सांगतो."

काकूंनी मान हलवली. पोरे ऐकतात, त्यांच्या कानाला खटकायला नको. त्या घोटभर पाणी प्यायल्या आणि त्यांनी वाक्य म्हटले. 'कडी काढली' म्हणून त्या थांबल्या, ते थांबूनच राहिल्या. दुसऱ्यांदाही तसेच झाले. एडिटर घाई करत नव्हता. तिसऱ्यांदा काकूंनी डोळे मिटले आणि कोणाचीही वाट न पाहता दार उघडले.

"स्वच्छ आलं," तो म्हणाला. मग संकोचून सांगू लागला, की काकूंकडून बरेच दिवसांत नवी गोष्ट नाही, वरचे विचारतात. मशीनला आवाज शिकवू द्या, तुम्ही नुसते लिहून पाठवा, असे त्यांचे म्हणणे आहे. काकूंची संमती हवी.

"कळवते," काकू म्हणाल्या. "तो जुना तुकडा पुसण्याआधी मला पाठवाल?"

"पाठवतो की. पण हं एकटा निघत नाही, काकू. तुमचा 'आणि' बरोबर येईल."

"येऊ दे."

त्यांनी नंबर सांगितला. तो स्वतःचा नव्हता.

दुपारी घरी येऊन काकूंनी लोकरीच्या कपड्यांचे कपाट उघडले. तिथे आवाज घुमत नसे. आपला फोन त्यांनी फळीवर उभा केला आणि रेकॉर्डिंग सुरू केले. शेजारच्या स्टुलावर ह्यांचा फोन ठेवला. रोज चार्जिंगला लागणाऱ्या त्या फोनवर आज कितीतरी दिवसांनी काहीतरी आले होते.

"एका गावात एक दिवे लावणारा होता," काकू म्हणाल्या आणि थांबल्या.

स्टूल गप्प होते. त्यांनी वाकून फोनला बोट लावले.

हं. आणि त्या हंच्या पोटात काकूंचाच तेव्हाचा, जरा वैतागलेला आवाज: 'आणि'.

काकू क्षणभर तशाच वाकून राहिल्या. रेकॉर्डिंग चालूच होते. कापणारा काय ते कापेल.

"सांगते," त्या म्हणाल्या. "सांगते ना पुढे. आणि एके संध्याकाळी त्याची शिडीच हरवली."

मग त्यांनी बोट पुन्हा स्टुलाकडे नेले.