ढब्बूचा आवाज

हात कामात असले की अक्काला बोलता येत नसे. सुईत दोरा ओवतानाही तिची जीभ दातांत धरलेली असायची. टीव्हीवरच्या मुलांच्या कार्यक्रमात ढब्बू नावाचं बाहुलं-अस्वल पंचवीस वर्षं गप्प राहिलं त्याचं कारण एवढंच. पण लोकांना मोठमोठी कारणं आवडतात.

ढब्बू कामाचा गडी. बुटाची नाडी बांधायची, बटण लावायचं, बटाटा सोलायचा. टेबलामागे खाली बसून अक्का एक हात त्याच्या डोक्यात घालायची, दुसऱ्याने त्याचा डावा हात चालवायची. त्याचा उजवा हात वहिनीचा, म्हणजे अक्काच्या भावजयीचा, आणि वहिनीच्या दुसऱ्या हातात कावळा. दोघींनी एकेका हाताने मिळून एक नाडी बांधायची म्हणजे खायचं काम नाही. ढब्बूला काही सांगायचं असलं की तो कावळ्याच्या कानात कुजबुजल्यासारखं करायचा आणि कावळा ते जगाला सांगायचा. वहिनीला ते सोपं होतं. तिचं तोंड झोपेतही बंद नसतं, असं अक्काचा भाऊच म्हणायचा.

मग नवे साहेब आले. तिशीतले, हुशार, सदा घाईत.

"अक्का, मुका बाहुला आता कोण बघतं? सोमवारपासून ढब्बू बोलणार. आवाजाला माणूस आणलाय. तुम्ही फक्त तोंड हलवा."

अक्काला ते 'फक्त' फार लागलं. लोकाच्या जिभेवर आपला ढब्बू नाचवायचा? त्यापेक्षा घरी बसलेलं काय वाईट? तिने वहिनीला तसं सांगूनही टाकलं.

"आधी चाचणी तर होऊ दे," वहिनी म्हणाली. "राग काय, पळून जातोय?"

चाचणीला स्टुडिओत काम करणाऱ्यांचीच पाच-सहा मुलं बोलावली. आवाजवाले गृहस्थ माइकपुढे बसले, अक्काने ढब्बूचं तोंड उघडलं. "या या, बाळांनो!" आवाज असा गोड, की नाव ठेवायला जागा नाही.

मुलं एकमेकांकडे बघू लागली.

"हा कोण बोलतोय?" एका चष्मेवाल्या मुलीने विचारलं.

"ढब्बू," साहेब म्हणाले.

"छे! ढब्बूचा आवाज असा नाहीये."

"तू कधी ऐकलास?"

"रोजच ऐकते." तिने घसा खरवडून घोगऱ्या आवाजात बोलूनही दाखवलं. शेजारचा मुलगा उसळला, "काहीतरीच! तो नाकात बोलतो." तिसऱ्याचा ढब्बू बोबडा निघाला. बघता बघता जुंपली.

टेबलामागे अक्का हात वर धरून तशीच बसून राहिली. आपल्या एका खोडीपायी पोराची वाचा गेली, असं तिच्या मनाला इतकी वर्षं खात होतं. आणि हा लबाड घरोघर गप्पा छाटत होता! तिचे डोळे भरून आले, आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

"गप्प बसा!" साहेब ओरडले. "सगळ्यांचं चुकतंय. तो असा बोलतो." आणि त्या सुटाबुटातल्या माणसाच्या तोंडून बारीक, रडवेला आवाज निघाला, "'नाडी सुटली तर सुटू दे. परत बांधू.'"

साहेबांचे कान लाल झाले.  मग त्यांनी आवाजवाल्यांना चहाचं विचारलं आणि माइक काढून ठेवायला सांगितला.

चष्मेवाली मात्र हटायला तयार नव्हती. "काकांचं पण चुकलं. ढब्बू रडका नाहीये."

"माझा होता," साहेब म्हणाले.