तळ न लागलेला ओळंबा

मी ओळंबा बोलतोय. भिंत सरळ आहे की नाही, हे गवंड्याला सांगणारा, दोरीला बांधलेला पितळेचा गोळा. ज्याने मला ओतलं, त्याने घासूनपुसून पहिल्यांदा टांगलं तेव्हा मी जरासा डुललो आणि नीट खाली बघत थांबलो. तेव्हापासूनच माझ्या डोक्यात हवा गेली. जगात खरा तो मी एकटाच.

माझा मालक मिस्त्रीही तसलाच. एक डोळा मिटून भिंतीकडे बघायचा आणि म्हणायचा, "ओळंबा राहू दे पिशवीत. माझी नजर चुकत नाही." वीस वर्षं मी थापीखाली दबून पडलो आणि तो चुकण्याची वाट पाहिली.

मग त्याने लेकीसाठी खोली बांधली. तिचे दिवस भरत आले होते. त्याआधी तिला तिथे राहायला यायचं होतं. माल कालवणाऱ्या मावशी खाली बसून फरशीच्या फटी भरत होत्या. मध्येच त्यांचा हात थांबला.

"मिस्त्री, खाली काहीतरी वाजतंय."

"काय वाजतंय?"

"टकटक होतंय. थांबून थांबून."

"चांगली ठोकून बसवलेली जमीन आहे, मावशी. कानात सिमेंट गेलंय तुमच्या."

मावशींनी उरलेल्या फटी भरून टाकल्या. पण जाताना त्यांनी मला पिशवीतून काढलं आणि भिंतीला वर खिळा ठोकून टांगलं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, दारं-खिडक्या बंद, वाऱ्याची झुळूक नाही, आणि माझी दोरी थरथरली. खालून आवाज आला, टक. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा. संध्याकाळपर्यंत मी भिंतीपासून बोटभर लांब गेलो होतो. सकाळी दोन बोटं.

मिस्त्रीने पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. "मी सरळच बांधली होती," तो पुटपुटला. मी मनात खूश झालो. चुकला एकदाचा.

तेवढ्यात लेक गाठोडं घेऊन दारात आली. "बाबा, कॉट कुठे लावायची?"

त्याने हात आडवा करून तिला बाहेरच थांबवलं. मग मावशींकडे वळून हलकेच विचारलं, "कुठे ऐकलंत?"

त्यांनी दाखवलं. मिस्त्रीने गुडघे टेकले, फरशीला कान लावला आणि किती तरी वेळ उठला नाही.

फरशी उचकटली. खाली वीतभर माती, मग कुजलेल्या फळ्या आणि त्यांच्या फटीतून वर येणारा गार, ओला श्वास. मिस्त्री पालथा पडला आणि त्याने मला आत सोडलं. एक दोरी संपली, दुसरी जोडली. आजूबाजूने ढेकळं सुटत होती, दगडांवर आपटत पाण्यात पडत होती. कुणी तरी जुनी विहीर झाकून टाकली होती. भिंत खरंच सरळ बांधलेली होती. जमीनच खचत होती. मला नुसतं अंतर दिसलं आणि मी माणसाला दोषी ठरवून बसलो.

मी पाण्यात शिरलो. तिसरी दोरीही संपली, तळ नाही. आणि मग खालून एक झटका बसला. मिस्त्रीच्या हातातून दोरी सुटली.

वरून मावशींचा आवाज आला, "कुणी ओढलं?"

"ठाऊक नाही," मिस्त्री म्हणाला. वीस वर्षांत हा शब्द त्याच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला.

सगळे बाहेर पडले. अंधार पडायच्या आत ती खोली माझ्या डोक्यावर कोसळली. आत कुणी नव्हतं.

पुढे राडारोडा उपसून मिस्त्रीने विहिरीला कठडा बांधला. शेजारी नवा पाया खणताना तो मावशींना विचारत होता, "इथे धरेल का? तुम्ही एकदा ऐकून बघा." अलीकडे वरून तान्ह्या बाळाचं रडणंही येतं.

मी गाळात आहे. रोज थोडा आणखी खाली जातो. सरळ जातोय की तिरका, ते मला सांगता येत नाही, आणि त्याची आता लाजही वाटत नाही. झटका कुणी दिला, तेही मला माहीत नाही. तुमच्या पायांखाली काय आहे, हे तुम्हाला तरी नक्की माहीत आहे का? उजेड आहे तोवर एकदा खाली वाका. कान लावा.