पेशींची बाहेरची ओळ

डॉक्टरीणबाईंना पेशंट कधी दिसायचे नाहीत, दिसायचे ते त्यांचे तुकडे. तीस वर्षं सूक्ष्मदर्शकावर मान मोडून बसल्या, पण रस्त्यात कुणी ओळख दाखवेल तर शपथ!

त्या दिवशी काचेवर एका बाईच्या योनीच्या ओठावरच्या गाठीचा तुकडा होता. पेशींची ही दाटी, फांद्यांना फांद्या फुटलेल्या. सर्जनचा फोन आलाच.

"कॅन्सरच ना? परवा ऑपरेशन ठेवतो. सगळा भाग काढावा लागेल."

"अहो, थांबा! चिमूटभर तुकडा पाठवलात, त्यात गाठीची कडच नाही. आधी नुसती गाठ अख्खी काढून पाठवा."

"तुम्ही फार शंकेखोर, बाई."

"असेन. एकदा कापलेलं परत चिकटवता येत नाही."

गाठ आली, बोराएवढी. कड गुळगुळीत, शेजारी कुठेही घुसलेली नाही. मग खास रंग देऊन पाहिलं, तर गाठीतल्या प्रत्येक बारीक नळीला पेशींच्या दोन ओळी निघाल्या. आतली उंच, बाहेरची चपटी. कॅन्सर असता तर ही बाहेरची ओळ उरली नसती.

"मेली सोंगाडी!" बाई मोठ्यानं म्हणाल्या. खोलीत ऐकायला कुणी नव्हतं. आनंद झाला की सांगायचं कुणाला, हे त्यांचं जुनंच दुखणं.

दुसऱ्या दिवशी कारकून जेवायला गेला म्हणून रिपोर्टच्या खिडकीशी त्याच बसल्या. चाळिशीतली एक बाई पावती घेऊन आली. नंबर पाहून बाईंना कळलं, ही तीच. तिनं पाकीट फाडलं, कागद वाचला, परत वाचला.

"ताई, साधी गाठ म्हणजे कॅन्सर नाही, असंच ना?"

"असंच. अजिबात नाही."

ती खिडकीच्या फळीवर डोकं टेकून रडली. "जागाच मेली अशी, घरी तोंड उघडता येईना. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. महिनाभर एकटीच मरत होते. तुम्हालाच पहिल्यांदा सांगतेय."

"मीच पाहिलं गं" हे शब्द बाईंच्या अगदी ओठांवर आले.

"कुणी तपासलं असेल हो?" डोळे पुसत तिनं विचारलं. "पुरुष असो की बाई, मला कळायलाही नको. लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं होतंय. आपलं असलं काही कुणी पाहिलं, आणि तो माणूस समोर उभा राहिला, तर तोंड कुठे लपवू?"

बाईंनी शब्द गिळले.

"आत असतं कुणीतरी," त्या म्हणाल्या. "ते नाव पाहत नाहीत, तोंड तर नाहीच नाही."

"मग माझे आभार सांगा त्यांना. सांगाल ना?"

"सांगते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.