नळीतली खाकी लोकर

मित्रांनो, मी एक जुने, तळहातावर मावेल एवढे पिस्तूल आहे. लिएज शहरातल्या कारखान्यात मी घडले. तिथल्या चाचणीगृहात माझ्यातून दोन गोळ्या झाडल्या गेल्या आणि माझ्या अंगावर शिक्का उमटला. माझ्या आयुष्यातला गोळीबार तेवढाच. हे मला ठाऊक होते. पण वस्तूची साक्ष कोणी नोंदवून घेत नाही.

लेफ्टनंट एमिल कोलार यांनी मला विकत घेतले. त्यांचे मोठे पिस्तूल कमरेला असे. मी मात्र कोटाच्या आतल्या खिशात, तंबाखू, पेन्सिल आणि लहानग्या मुलीच्या फोटोशेजारी. अशी नऊ वर्षे गेली. महायुद्धात, १९४०च्या माघारीत त्यांनी मला पत्नीच्या स्वाधीन केले. पुढे ते युद्धकैदेत वारले आणि मी बिस्किटांच्या डब्यात पडून राहिले.

गावात कुजबुज सुरू झाली, की माघारीच्या दिवशी पुलावरून पळणाऱ्या आपल्याच शिपायाला कोलारांनी खिशातल्या पिस्तुलाने गोळी घातली. दर नोव्हेंबरात गाव सैनिकांच्या स्मारकापाशी जमे, तेव्हा त्यांची मुलगी ओडील घरातच बसून राही.

माघारीनंतर बहात्तर वर्षांनी तिने तो डबा वेर्व्हिये शहरात गिस्लँ वातले यांच्याकडे आणला. ते निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक. अधिकाऱ्यांची खिशातली पिस्तुले जमवणारे.

"खरं काय ते सांगा मास्तर. वाईट असलं तरी चालेल," ओडीलबाई म्हणाल्या.

"सांगतो. आधी जरा साफ करू दे."

त्यांनी माझ्यातल्या गोळ्या काढून ठेवल्या आणि तेलाचा ब्रश उचलला. संग्राहकांची ही खोडच आहे. तो ब्रश एकदा नळीतून फिरला असता, तर लेफ्टनंटांच्या बाजूचा एकमेव पुरावा नाहीसा झाला असता. आणि मला ओरडता येत नाही.

तेवढ्यात त्यांची पत्नी मारिएट तांदळाचा गोड केक घेऊन आली. "अहो, जन्मभर पोरांना बजावलंत, आधी बघा, मग हात लावा. आणि स्वतः?"

"तू केक वाढ गं," ते पुटपुटले. पण ब्रश खाली ठेवून त्यांनी भिंग घेतले. माझ्या तोंडाशी काहीतरी घट्ट बसले होते. चिमट्याने त्यांनी त्यातली चिमूटभर बाहेर काढली.

"धूळ आहे."

"धूळ? द्या इकडे!" ओडीलबाईंनी चाळीस वर्षे लोकरीच्या गिरणीत कापड तपासले होते. "तुम्ही पिस्तुलं बघा, लोकर मला बघू द्या. ही खाकी आहे, लष्करी कोटाची. खिशात घासून घासून थर बसलेत. एका दिवसाचं काम नाही हे."

मास्तर थबकले. त्यांनी मागच्या बाजूने नळीला भिंग लावले. लोकरीमागे नळी स्वच्छ होती. काजळीचा डागही नव्हता.

"गोळी सुटली असती, तर हे बूच उडून गेलं असतं," ते सावकाश म्हणाले.

"म्हणजे बाबांनी नाही?"

"बाई, त्या दिवशी पुलावर काय झालं, ते मला ठाऊक नाही. पण लोक या पिस्तुलाचं नाव घेतात ना? मग लोक चुकतात."

ओडीलबाईंनी ताटली पुढे केली. "मारिएट, मोठा तुकडा दे गं."

आता मी मास्तरांच्या कपाटात आहे, तसेच मळकट. शेजारी काचेच्या नळीत ती चिमूटभर लोकर आहे. मित्रांनो, जुन्या वस्तूंची निगा जरूर राखा. पण फडके हाती घेण्यापूर्वी एकदा नीट पाहा. त्या दिवशी माझे तोंड पुसले गेले असते, तर या नोव्हेंबरात स्मारकापाशी पहिल्या रांगेतली ओडीलबाईंची खुर्ची रिकामीच राहिली असती.