चूळ भरल्याशिवाय चहा नाही

आमचे हे शास्त्रज्ञ, जन्मभर एका वायूच्या अभ्यासावर जगले. गाडीच्या धुरातून निघतो तो नायट्रिक ऑक्साइड, विषारी म्हणून बदनाम. पण आपल्या रक्तवाहिन्या तोच वायू स्वतः कणभर तयार करतात आणि त्याचा निरोप मिळाला की सैल पडतात. निरोप पोचला तर रक्तदाब ताब्यात राहतो, नाही पोचला तर चढतो. हे मला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात ऐकवण्यात आलं. इतर नवरे बायकोला फिरायला नेतात.

मी दातांची डॉक्टर. दवाखाना घराच्या खालच्या मजल्यावर आणि माझा कायदा दोन्ही मजल्यांवर: जंतुनाशक औषधाने चूळ भरल्याशिवाय चहा नाही. पेशंट असो, पाहुणा असो की शास्त्रज्ञ.

तर या वायूच्या जाणकाराचाच रक्तदाब चढला. आमची थोरली हृदयाची डॉक्टर आहे. तिने यंत्राचा पट्टा दंडाला गुंडाळला, आकडा पाहिला आणि विश्वास बसेना म्हणून पुन्हा गुंडाळला.

"बाबा, आजपासून गोळी. असंच चाललं तर एक दिवस मेंदूत रक्तस्राव होईल."

"बिटात नायट्रेट असतं," हे म्हणाले. "शरीर त्यापासून माझा वायू बनवतं. जगाला हे सांगणारा मी, आणि स्वतः गोळी खाऊ? लोक हसतील."

"तेच लोक शोकसभेलाही येतील," थोरली म्हणाली. बोलण्यात ती माझ्यावर गेली आहे.

शेवटी महिनाभराची मुदत ठरली: तेवढ्यात बिटाने दाब उतरला नाही, तर गोळी. रोज सकाळी चूळ, मग पेलाभर बिटाचा रस, मग चहा. ओठ लालभडक झाले, दाब जागचा हलेना. यांना आंघोळीला जरा उशीर झाला की मी दारावर थापा मारायची. आतून "जिवंत आहे" असं वैतागलेलं उत्तर आलं की मगच माझे हात कामाला लागायचे.

मुदत संपत आली असताना मी दंतवैद्यांच्या एका सभेला गेले. जेवणानंतरचं भाषण, म्हणजे हक्काची डुलकी. बोलणारी मुलगी सांगत होती की बिटातलं नायट्रेट थेट कामाला येत नाही. आधी जिभेवरचे जंतू त्याचं रूप पालटतात, तेव्हा कुठे पुढे त्याचा वायू होतो. रोज जंतुनाशक चूळ भरली तर हे जंतूच मरतात, आणि काहींचा रक्तदाब त्यामुळे वाढलेलाही दिसला आहे. माझी डुलकी उडाली. इतकी वर्षं ज्यांना मी शत्रू म्हणून मारत होते, ते माझ्या नवऱ्याचे कामगार निघाले.

सांगितलं असतं तर गड्याने चूळ बंद करून आणखी मुदत मागितली असती आणि त्या मुदतीत एखादी रक्तवाहिनी फुटली असती. न सांगावं, तर त्यांची जन्माची विद्या खोटी ठरत होती. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी मूग गिळून बसले. विद्या पुन्हा उभी करता येते, नवरा नाही.

मुदत संपली, यांनी गोळी घेतली. दाब उतरला आणि त्याबरोबर यांचा चेहराही. प्रयोगशाळेत जाईनात. खिडकीशी बसून माझ्याकडे येणारे-जाणारे पेशंट बघत राहायचे. ते मला बघवेना. ताकाला जाऊन भांडं किती दिवस लपवणार? एका रविवारी चहा गाळता गाळता सगळं सांगून टाकलं: ती सभा, ते जंतू आणि माझं गप्प बसणं.

हे चिडले नाहीत. "जिभेवरचे जंतू मला ठाऊक आहेत," म्हणाले. "दरवर्षी वर्गात शिकवतो."

"मग रोज चूळ का भरत होतात?"

"तू हातात द्यायचीस."

"आणि खिडकीशी तोंड पाडून का बसता?"

"तुला कसं सांगावं, ते ठरत नव्हतं."

माझा संताप झाला आणि डोळेही भरून आले. गोळीला यांचा अभिमान आडवा आला, आणि चूळ सोडायला मी. "म्हणजे मला वाईट वाटू नये म्हणून मरणार होतात?"

"आणि मी मरू नये म्हणून तू मला खोटा पाडणार होतीस."

मी फर्मान काढलं, "गोळी चालूच राहील, चूळ उद्यापासून बंद."

"बरं." मग जरा थांबून हळूच म्हणाले, "आणि खाली येतात त्यांना काय सांगणार?"

दवाखान्यात आलेल्या प्रत्येकाला मी चुळीच्या औषधाची ती बाटली लिहून दिली होती. दाढ काढल्यावर चार दिवसांपुरती नव्हे, कायमची. विसरणाऱ्यांना ओरडलेही होते. त्यांतल्या किती जणांचा दाब कुणी मोजला होता, मला काय ठाऊक. मी कधी विचारलंच नव्हतं.

मी गाळणी ओट्यावर ठेवली.

"म्हणूनच सांगत नव्हतो," हे म्हणाले.